एका ओळीनं सरकलेली माणसं

४ मार्च

धाकट्या,

फोनवर तू आवाज चढवतोस आणि मी फोन आपटते, म्हणून हे पत्र. आई गेली त्या आठवड्यात आपण एकमेकांना जे बोललो ते पुन्हा उगाळायचं नाही. तू आला नाहीस, विषय संपला.

सोबतच्या डबीत पेनड्राइव्ह आहे. त्यात आईचा आवाज आहे.

झालं असं, की आई शेवटची दोन वर्षं ज्या वृद्धाश्रमात होती तिथल्या व्यवस्थापकानं मागच्या वर्षी प्रत्येकाकडून घरच्यांसाठी निरोप रेकॉर्ड करून घेतला. आता ते सगळं घरोघर पाठवायचं काम आमच्या स्टुडिओकडे आलंय, म्हणजे माझ्याकडे. आवाजाच्या दोनशे चौदा फायली. त्यांना नावं नाहीत, नुसते आकडे. सोबत एक तक्ता, त्यात प्रत्येक माणसाची एक ओळ: नाव, खोली, खाट, तारीख, निरोप कुणासाठी. मी एक छोटा प्रोग्रॅम चालवते. तो तक्त्यातली पहिली ओळ उचलून पहिल्या फाईलला चिकटवतो, दुसरी दुसरीला. मग फाईल लावली की पडद्यावर नाव आणि फोटो दिसतो. याला टॅग लावणं म्हणतात. लाँड्रीत कपड्यांवर खुणा करतात, त्यातलाच प्रकार.

त्या तक्त्यात ‘स्थिती’ नावाचा एक रकाना आहे. जिवंत असतील त्यांच्यापुढे ‘चालू’ लिहिलंय, गेले त्यांच्यापुढे ‘बंद’. आईपुढे ‘बंद’ आहे, विजेच्या मीटरसारखं. तो रकाना मी टॅगांमधून वगळला आणि उठून हात धुऊन आले. खरं सांगते, साबणानं धुतले.

मी आईचा निरोप ऐकलेला नाही. कुणाचाच नाही. दुसऱ्यांचे ऐकणं बरं दिसत नाही, आणि आपलाच ऐकायची हिंमत होत नाही. तू आधी ऐक आणि कसा आहे ते लिही. मग मी ऐकेन.

ताई


१८ मार्च

ताई,

पेनड्राइव्ह मिळाला. डबी आमच्या बंदराच्या गेटवर आली होती. जेवणाच्या सुट्टीत क्रेनच्या केबिनमध्येच बसून ऐकलं. तीनदा ऐकलं.

आवाज फार थकलेला आहे. हळू बोललीये.

तू आठवड्यातून कितीदा जायचीस तिच्याकडे? एकटी असायचीस का तिच्यासोबत, की कुणी असायचं? आणि तिच्या दंडावर, आतल्या बाजूला, निळे डाग होते का? मी का विचारतोय ते तुला माहीत असेल.

सध्या एवढंच. याहून जास्त मला लिहवत नाही.

धाकटा


२९ मार्च

धाकट्या,

तुझं पत्र आलं त्या दिवशी उत्तर अर्धं लिहून ठेवलं होतं. ते तसंच इथे उतरवते, मग पुढचं सांगते.

‘आठवड्यातून तीनदा जायचे. स्टुडिओतून सुटले की थेट. तू अकरा वर्षांत एकदाही तिला भेटला नाहीस, आणि मला हजेरीपत्रक मागतोस? डाग होते. तिथल्या परिचारिकेनं सांगितलं, रक्त पातळ करायच्या गोळ्यांनी येतात. तुझ्या कानाला कोण लागलंय? आणि तुला लिहवत नसेल तर मला काय…’

इथवर लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी स्टुडिओत एक गृहस्थ आले. पन्नाशीचे, खांद्यावर प्रवासाची बॅग. पेनड्राइव्ह माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “बाई, हे माझे वडील नाहीत.”

मी म्हटलं, “आजारपणात आवाज बदलतो.”

“माझे वडील बँडमास्तर होते. तोंडातले दात गेले तरी मोजून बोलायचे. हा माणूस तोतरा आहे. आणि तो कुणा मुलीला हाक मारतोय. आम्हाला बहीणच नाही.”

मी फाईल लावली. पडद्यावर बँडमास्तर, फोटोत टोपी घातलेले. आवाज भलत्याच कुणाचा. मी शेजारची फाईल लावली, तर तिच्यात बँडमास्तर. मोजून बोलत होते. मुलगा माझ्या खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला.

ते गेल्यावर मी सगळं तपासलं. तक्त्यातली एक ओळ उडवलेली आहे, अठ्ठ्याऐंशीवी. ओळ उडाली, पण तिची आवाजाची फाईल तशीच राहिली. अनुक्रमांक आपोआप सरकून नीटनेटके झाले, म्हणून डोळ्यांना काही दिसलं नाही. त्यामुळे अठ्ठ्याऐंशीपासून पुढे प्रत्येकाचं नाव त्याच्या आधीच्या माणसाच्या आवाजाला चिकटलं. प्रोग्रॅमनं मला सांगितलं होतं, ‘ओळी दोनशे तेरा, फायली दोनशे चौदा’. मी म्हटलं, शेवटची फाईल रिकामी असेल. उघडूनही पाहिली नाही. घरी जायची घाई होती. सत्तावीस वर्षं हे काम करतेय आणि माझी ही तऱ्हा.

एकशे सव्वीस घरांत परक्याचा आवाज गेलाय. महिना होत आला. तक्रार किती जणांनी केली? दोघांनी. बाकीच्यांनी एकतर पाकीट उघडलं नाही, नाहीतर उघडून आपल्या बापाच्या नावाखाली दुसऱ्याच्या बापाचं बोलणं ऐकलं आणि डोळे पुसले. व्यवस्थापकाकडे आभाराची सात पत्रं आलीयेत. ‘बाबा जसे होते तसेच ऐकू आले’ असं लिहिलंय एकीनं.

आणि तू. तुला गेलेली फाईल एकशे एकतीस. आई एकशे बत्तीस. तुझ्याकडे आहे तो आवाज आईच्या शेजारच्या खाटेवरच्या बाईचा आहे. तू म्हणतोस तीनदा ऐकलं. एकदा जरी ऐकलं असतंस तरी पहिल्या वाक्याला तुला कळायला हवं होतं. म्हणजे तू ऐकलंच नाहीस. ‘आवाज थकलेला आहे’ म्हणे. म्हाताऱ्या माणसाबद्दल न ऐकता कुणीही सांगेल तेवढं. एक वेळ आला नाहीस ते मी गिळलं. पण न ऐकता ऐकलं म्हणून मला कळवायचं, आणि वर माझीच उलटतपासणी? तुझी किळस येते, हे लिहिताना मला वाईटसुद्धा वाटत नाहीये.

ताई


९ एप्रिल

ताई,

मी ऐकलं होतं. तीनदाच. आता परत लावून, थांबवत थांबवत, शब्द न शब्द लिहून काढलाय. वाच.

‘बाळा, लवकर बोलते. ती बाहेर गेलीय. हे यंत्र इथं ठेवून गेली. ताई चिमटे काढते रे. दंडाच्या आत, दिसणार नाही तिथं. अंथरूण ओलं झालं की दुसऱ्या दिवशी पाणी देत नाही. म्हणते, प्यायलीसच नाही तर होणारच नाही. मी बोलले हे ताईला कळू देऊ नकोस. लोकांसमोर फार गोड असते ती. तू ये. आणि न सांगता ये.’

मग दार वाजतं. लांबून एक बाईचा आवाज येतो, ‘झालं का? करू बंद?’ आणि ही म्हणते, ‘झालं. सगळं छान आहे म्हणून सांगितलं.’

पडद्यावर आईचा फोटो होता, आईचं नाव होतं. मी तुला ताई म्हणतो. आईही माझ्याशी बोलताना तुला ताईच म्हणायची. मी दुसरं काय समजणार होतो?

तीन आठवडे मी तुझ्याबद्दल काय काय विचार केला ते कागदावर लिहिणार नाही. पोलिसांत कळवावं असंही मनात आलं होतं. क्रेनवर असताना माझं लक्ष उडालं, एक कंटेनर धक्क्याला घासला, तेव्हा मुकादमानं मला चार दिवस खाली उतरवलं. त्या चार दिवसांत मी तुझे जुने फोटो काढून तुझे हात बघत बसलो होतो.

दारातला तो आवाज तुझ्यासारखा नाही, हे मला पहिल्यांदा ऐकतानाच जाणवलं होतं. मी मनाला सांगितलं, दार लांब असेल. आई मला कधी बाळा म्हणायची का, हेही आठवेना. म्हटलं, म्हणत असणार. जिथं जिथं अडलं तिथं तिथं मी तुझ्याविरुद्धच निकाल दिला. तू दोन वर्षं तिला सांभाळत होतीस, मी नव्हतो, आणि तू वाईट निघालीस तर माझं न येणं जरा कमी वाईट दिसत होतं. हे मला आत्ता, लिहिता लिहिता कळतंय.

तू मला न ऐकणारा समजलीस. तसा असतो तर बरं झालं असतं. मी ऐकलं, आणि परक्या बाईला आई समजलो.

पण ताई, हे सगळं बाजूला ठेव. ती बाई कोण आहे? आणि ती तुमच्या त्या तक्त्यात ‘चालू’ आहे का?

धाकटा


२१ एप्रिल

धाकट्या,

ती ‘चालू’ आहे. म्हणजे तक्त्यातही होती, आणि खरोखरही आहे. आधी एवढंच वाच आणि मग पुढचं.

तुझं पत्र मी स्टुडिओच्या जिन्यात उभ्यानं वाचलं. ‘ताई’ या शब्दाशी आले आणि परत पहिल्यापासून वाचलं. कारण तिथं ताई म्हणजे मी नव्हेच. त्या परिचारिकेला तिथले सगळे म्हातारे ताई म्हणतात. आईही म्हणायची. मी समोर असले की मला ‘मोठी’ म्हणायची, गोंधळ नको म्हणून.

गोल चेहरा, हसतमुख, मी गेले की खुर्ची पुसून द्यायची. डागांचं गोळ्यांवर ढकलणारी तीच. आणि मी काय केलं होतं, माहितीये? आई गेल्यावर तिला आभाराचं पत्र लिहिलं होतं, पानभर. ‘तुमच्या हातात आई सुखानं गेली.’ व्यवस्थापकानं ते चौकटीत घालून स्वागतकक्षात लावलंय. येणारे लोक ते वाचतात आणि आपली माणसं तिच्या हवाली करतात.

मी त्याच दुपारी गेले. थेट खोलीत. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसायचा प्रयत्न करत होती. शाळेत शिवण शिकवायची ती, तुला माहीत नसणार. मी म्हटलं, “मावशी, बाही वर करू का?” तिनं आधी दाराकडे पाहिलं. मग स्वतःच केली.

डागांवर डाग होते. जुने पिवळे, नवे जांभळे, नखांच्या खुणांसकट. आणि गोळ्यांचं म्हणशील, तर ती रक्ताची कसलीच गोळी घेत नाही. मी फोटो काढले. तांब्यातलं पाणी दिलं तर तिनं पेला दोन्ही हातांनी धरला आणि मला विचारलं, “सगळं पिऊ?”

मग व्यवस्थापकाकडे गेले. टेबलावर काच, काचेखाली देवळाच्या रांगेसारखे ओळीनं लावलेले त्याचेच सत्काराचे फोटो. मी म्हटलं, “अठ्ठ्याऐंशीवी ओळ तुम्ही का उडवलीत?”

“कसली ओळ?”

“जानेवारीत तुम्ही पाठवलेल्या तक्त्यात दोनशे चौदा ओळी होत्या. फेब्रुवारीत दुरुस्त तक्ता म्हणून पाठवलात, त्यात दोनशे तेरा. मधले गृहस्थ कुठे गेले? छापखान्यात खिळे जुळवायचे, जुळारी होते ते.”

“ते बंद झाले.”

“काय झाले?”

“म्हणजे… वारले. फेब्रुवारीत.”

“माझी आई पण वारली. तिची ओळ ठेवलीत.”

तेव्हा तो खुर्चीत मागे रेलला. “त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. आमच्या ताईंबद्दल वाटेल ते बरळले. ताईंनी स्वतः येऊन मला सांगितलं. असलं घरच्यांना पाठवून काय त्यांचं भलं होणार होतं? तुम्ही नुसत्या फायली बदलून द्या, झालं. लोकांना फरक पडत नाही, तुम्हीच बघताय.”

हे शेवटचं वाक्य तो अगदी समजुतीच्या स्वरात बोलला. आणि ते खरं होतं, म्हणून जास्त घाण वाटली. त्यानं ओळ उडवली, पण फाईल पुसायचं त्याला सुचलं नाही. ओळ उडवली नसती तर काही सरकलं नसतं. मग शिवणबाईचा निरोप तिच्या पुतण्याकडे गेला असता. मी त्याला फोन केला. पाकीट त्यानं अजून उघडलेलं नाही. म्हणाला, “गावाहून आलो की बघतो.”

मी स्टुडिओत परतले आणि सगळ्या फायली ऐकायला बसले. सहा दिवस लागले. अठ्ठ्याऐंशीमध्ये तो जुळारी ओरडून सांगतोय, टाळकं ठिकाणावर असलेल्या माणसासारखं, तारखांसकट. आणखी चौघांनी अर्धवट सांगितलंय. बाकीचे म्हणतात, सगळं छान आहे. आता ‘सगळं छान आहे’ हे मला ऐकवत नाही.

आणि एकशे बत्तीस. आईचा. ती म्हणते, ‘धाकट्या, मी मजेत. ताई फार जपते मला. वेळेवर पाणी देते.’ मग थांबते आणि बाजूला तोंड वळवल्यासारखं हळूच विचारते, ‘असंच ना?’ आणि जवळून आवाज येतो, ‘हं. हस जरा.’ आई हसते.

मी कानांवरचे हेडफोन काढले आणि मोरीत जाऊन ओकले.

शिवणबाईंना मी माझ्याकडे आणलंय. कागदावर मी त्यांची कुणी नाही, म्हणून दोन दिवस वाद चालला. शेवटी त्यांनीच सही केली, मोठ्या वळणदार अक्षरात. निघताना मी स्वागतकक्षातली ती चौकट भिंतीवरून काढली. कुणी अडवलं नाही. घरी आणून माझं पत्र फाडलं.

तक्रार केली आहे. वृद्धाश्रमांवर देखरेख करणाऱ्या कार्यालयातून एक अधिकारी बाई येऊन फायलींच्या प्रती घेऊन गेल्या. तुला एकशे बत्तीस पाठवणार नाहीये. तुझ्यावरच्या रागानं नाही. ते ऐकण्यासारखं नाही.

मागच्या पत्रात तुला जे लिहिलं ते मागे घेते. थोडंसंच मागे घेते.

ताई


३ मे

ताई,

पाठव. ऐकण्यासारखं नसलं तरी तो निरोप माझ्या नावानं आहे.

तुझ्याबद्दल जे मनात आणलं त्याची माफी पत्रातून मागता येत नाही. पुढच्या महिन्यात सुट्टी मिळतेय. आलो तर दार उघडशील का?

धाकटा


१२ मे

धाकट्या,

दार उघडेन. शिवणबाई पुढच्या खोलीत असतात, तू मागच्या खोलीत झोप. त्यांना अनोळखी पावलांची भीती वाटते, तेव्हा आल्यावर आधी स्वतःचं नाव मोठ्यानं सांग.

सोबत एकशे बत्तीस आहे. टॅग या वेळी हातानं लावलेत. सगळ्यांचेच लावतेय, एकेक फाईल पूर्ण ऐकून. ज्यांच्याकडे चुकीची गेली त्या घरांना पत्रं लिहितेय. काहीजण भडकतात. एक बाई म्हणाली, आम्हाला आहे तीच बरी आहे, दुसरी नको.

परिचारिकेला कामावरून काढलंय. आधीच्या दोन ठिकाणांहूनही तिला असंच गुपचूप काढलं होतं, हे आता कळतंय. खटला उभा राहील असं अधिकारी बाई म्हणतात. व्यवस्थापक अजून खुर्चीत आहे, पण त्याचा संगणक सील झालाय. फायली पुरावा म्हणून टिकायच्या तर आवाज कुणाचा हे घरच्यांनी सांगावं लागतं. म्हणून प्रत्येक घरातल्या सगळ्यांना एकेक फॉर्म आहे. तुझाही जोडलाय. ऐक, भर, आणि थेट त्यांच्याकडे पाठव.

ताई


२४ मे

ताई,

फॉर्म पाठवला. त्याबद्दल तुला माझ्याकडून कळावं, कार्यालयातून कळू नये, म्हणून लिहितोय.

रविवारी क्रेन बंद असतात. धक्क्यावर कुणी नव्हतं. पहिल्यांदा पडदा उलटा ठेवून ऐकलं, नाव आणि फोटो दिसू नये म्हणून. मग सरळ ठेवून ऐकलं. मग पुन्हा उलटा. जवळून बोलणारी ती परिचारिका मला लगेच ओळखू आली, आधीच्या फाईलमध्ये दारातून बोलली होती ती हीच. तिचा आवाज मी कुठेही ओळखेन.

फॉर्मवर तिसरा प्रश्न आहे: ‘ध्वनिमुद्रणातील मृत व्यक्तीचा आवाज आपण स्वतः ओळखता का?’ पुढे दोन चौकोन. तू सांगितलंयस म्हणून मला माहीत आहे की ती आई आहे. पण त्यांनी ‘माहीत आहे का’ असं विचारलेलं नाही, ‘ओळखता का’ असं विचारलंय. अकरा वर्षांत मी तिला सणावारी फोन करायचो, ‘बरी आहेस ना’ विचारायचो आणि ती ‘हो’ म्हणायच्या आत तुझ्याकडे फोन द्यायला सांगायचो. आवाज कुठून लक्षात राहणार?

खोटं लिहून उद्या ते त्या परिचारिकेच्या वकिलाच्या हाती लागायला नको. मी ‘नाही’ वर खूण केली आणि खाली सही केली.

तुझा फॉर्म अजून गेला नसेल तर लगेच पाठव. आईच्या दोन मुलांपैकी एकाचं तरी ‘हो’ त्या कार्यालयात असायला हवं.

धाकटा